पडलं की पाडलं

मी मोखाड्याच्या एका शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. माहेर खोडाळ्याचं, सासर जामसरचं, आणि नवरा जव्हारला सरकारी कचेरीत लिपिक, म्हणून आम्ही राहतो जव्हारला, भाड्याच्या दोन खोल्यांत. सकाळी नाक्यावर जीप भरेपर्यंत थांबायचं, घाटातून मोखाडा गाठायचा, संध्याकाळी तसंच परत. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मला दिवस गेले तेव्हाही हेच चालू होतं.

सासूबाईंना कळलं तशा त्या जामसरहून आल्या. नागलीचं पीठ, गावठी अंडी, आणि कुठल्याशा झाडाची साल फडक्यात बांधून आणली होती. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, त्यामुळे या गोष्टी सांगायला त्याच होत्या.

"आता त्या जीपत नको बसू," त्या म्हणाल्या. "गचके लागतात. रजा टाक."

"आई, दहावीचा वर्ग आहे माझ्याकडे. परीक्षा होईपर्यंत तरी जायला हवं."

"नोकरी मोठी का पोर मोठा?"

आमच्या भागातल्या गावांत 'मोठं'चं 'मोठा' होतं, 'झालं'चं 'झाला'. शाळेत मुलांच्या वह्यांमधून मी ते लाल पेनाने दुरुस्त करते, घरी त्याच बोलीत ऐकून घेते. मी हसून म्हटलं, "दोन्ही होईल, आई." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "तिचं ती बघेल." सासूबाई पीठ डब्यात भरायला लागल्या. मी मात्र ड्रायव्हरला सांगून पुढच्या सीटवर बसायला लागले. पुढे गचके कमी लागतात.

तिसरा महिना सरत आला तेव्हा आम्ही दोघं जव्हारच्या एका छोट्या खासगी दवाखान्यात सोनोग्राफीला गेलो. मार्गशीर्ष चालू होता. त्या खोलीत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी होती. डॉक्टरीणबाईंनी पोटावर ते गार जेल लावलं आणि मशीन फिरवायला लागल्या. मागच्या वेळी त्या बोलत होत्या, हे बघा, ते बघा. या वेळी एकाच जागी मशीन फिरवत राहिल्या. मग पडदा स्वतःकडे वळवून घेतला.

"मिस्ड ॲबॉर्शन आहे," त्या म्हणाल्या.

मला पहिल्यांदा एवढंच सुचलं की 'मिस्ड' हे इथे विशेषण म्हणून आलंय. धातुसाधित विशेषण. हा भाग मी नववीला शिकवते. छतावर पंखा होता, बंद. मी त्याची पाती बघत राहिले.

नवरा म्हणाला, "म्हणजे ॲबॉर्शन करावं लागेल?"

"झालेलंच आहे ते. वाढ थांबलीय, ठोके नाहीत. शरीराच्या अजून लक्षात आलेलं नाही, म्हणून मिस्ड म्हणायचं. आपल्याला पिशवी साफ करून घ्यावी लागेल. उद्या सकाळी उपाशीपोटी या."

"कधी झालं असेल हे?" मी विचारलं.

"बरेच दिवस झाले असावेत. कशामुळे ते सांगता येत नाही. तुमच्याकडून काही चुकलेलं नाही." हे वाक्य त्या रोज कुणाला ना कुणाला म्हणत असाव्यात, इतक्या सरावाने आलं ते. तरी बरं वाटलं असावं मला. वाटलं होतं का, हे आता आठवत नाही. एवढंच आठवतं की जेल पुसायला कागद दिला होता, तो पुरला नाही, म्हणून मी ओढणीने पोट पुसलं. आणि हेही की ज्या बऱ्याच दिवसांपूर्वी ते थांबलं होतं, त्या सगळ्या दिवसांत मी पुढच्या सीटवर बसून जात होते, पोटावर हात ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई एसटीने आल्या. नवऱ्याने फोनवर त्यांना फक्त 'बरं नाही, ॲडमिट करतोय' एवढंच सांगितलं होतं. दवाखान्याच्या पडवीत बाकावर त्या माझ्या शेजारी बसल्या. माझा हात त्यांनी हातात घेतला होता. बाकावर आणखी बायका होत्या, एकदोन जणी पोटुशा. सासूबाई दुसऱ्या हाताने नवऱ्यासाठी आणलेली भाकरी फडक्यातून सोडत होत्या, तेवढ्यात दारात नर्स आली.

"ॲबॉर्शनची पेशंट कोण? चला आत."

मी उठले. उठताना पाहिलं, बाकावरच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. सासूबाई भाकरीकडे बघत होत्या. त्यांचा हात सुटला होता.

नर्सची काही चूक नव्हती. तिच्या लेखी तो रोजचा शब्द होता. पण आमच्या गावांतही तो शब्द आता रोजचाच झालाय. टेन्शन, मोबाईल, गॅस तसा ॲबॉर्शन. शाळेची पायरी न चढलेल्या बाईलाही तो कळतो, आणि तिच्या लेखी त्याचा एकच अर्थ असतो. जे आपोआप होतं त्याला पोट पडलं म्हणतात. ॲबॉर्शन म्हणजे पाडणं. दवाखान्यात जाऊन, ठरवून, पैसे देऊन.

भूल उतरली तेव्हा नवरा खुर्चीत बसून मोबाईल बघत होता.

"आई कुठेत?"

"गेली. खळ्यावर काम आहे म्हणाली."

भाकरीचं गाठोडं टेबलावर होतं. पुन्हा बांधलेलं. भाकरी मी नंतर खाल्ली. भूक लागली होती.

आठवडाभर मी घरी राहिले. झोपायचे, उठायचे, भात लावायचे. रडू येईल म्हणून मी वाट बघत होते. नवरा कचेरीतून आला की विचारायचा, "कसं वाटतंय?" मी म्हणायचे, "ठीक." ते खरंच होतं. पायाला मुंग्या आल्यावर पाय असतो पण आपला नसतो, तसं काहीसं. तो टीव्ही लावायचा. आम्ही दोघं बघत बसायचो. सासूबाईंचा फोन आला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही जामसरला गेलो. भाताची झोडणी संपत आली होती. खळ्यावर पेंढ्याचा ढीग, एका बाजूला भाताची रास. सासूबाई सुपाने भात वारवत होत्या. मी पाणी प्यायले आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. नवरा पेंढ्याच्या गुंड्या बांधायला लागला.

त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. वारवता वारवताच विचारलं,

"पडला का पाडलास?"

एका कान्याचा फरक. मला तो ऐकू आला, चांगला स्पष्ट. मी म्हटलं, "पडलं, आई."

"मंग ती बाई आबोर्शन का म्हणाली?"

"डॉक्टरांच्या भाषेत दोन्हीला तेच म्हणतात. आपोआप झालं तरी, केलं तरी."

"दोन्हीला एकच?" आता त्यांनी सूप थांबवलं. "पडला न् पाडला एक कसा असंल? मुद्दाम केला न् आपसूक झाला, त्यात काही फरकच नाय त्यांना? एवढी शिकलेली माणसं?"

मी इंग्रजीची बाई. तेरा-चौदा वर्षांची पोरं विचारतात की 'पुट' म्हणतो तर 'बट'ला 'बुट' का नाही म्हणायचं. मी म्हणते, तसंच आहे ते, पाठ करा.

"जीपचा सांगितला होता मी," सासूबाई म्हणाल्या. "रजा टाक म्हणाले होते. तुला नोकरी सोडायची नव्हती."

मी नवऱ्याकडे पाहिलं. सोनोग्राफीच्या खोलीत तो होता. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते त्याने माझ्याइतकंच ऐकलं होतं.

"आई, तू उगाच काहीतरी," तो म्हणाला. गुंडी बांधून त्याने ढिगावर टाकली. "सोड ना आता तो विषय." आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. 'पडलं' हा एक शब्द त्याने म्हणायचा होता. त्याला वाटलं असेल, विषय संपवला की झालं. माझा राग त्याच्यावर निघायला हवा होता. तोही आला नाही. मी सूप घेतलं आणि राहिलेला भात वारवला. सासूबाईंनी वारवू दिलं.

मी पुन्हा शाळेत जायला लागले. सहकाऱ्यांनी काही विचारलं नाही, तापाची रजा समजले असतील. त्या महिन्यात नववीला उपसर्ग शिकवायचे होते. फळ्यावर 'मिस' लिहिला आणि म्हटलं, हा उपसर्ग लागला की चुकीचं, बिघडलेलं असा अर्थ होतो. मिसटेक, मिसयूज. आता तुम्ही सांगा. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मिसकॉल!" वर्ग हसला. मी म्हटलं, "तो 'मिस' वेगळा. तो क्रियापदाचा आहे. कॉल येऊन गेला, आपल्याला कळलं नाही, म्हणून मिस्ड." बोलता बोलता माझा आवाज आहे तसाच राहिला. मी फळ्यावर दोन रकाने केले. एका बाजूला हा 'मिस', दुसऱ्या बाजूला तो.

मधल्या सुट्टीत मी मोबाईलवर 'ॲबॉर्शन' हा शब्द शोधला. मोखाड्यात रेंज येते-जाते. जी पानं उघडली त्यांत गोळ्या, कायदा आणि दवाखान्यांच्या जाहिराती. मग शिक्षक खोलीतल्या कपाटातून जाड शब्दकोश काढला. कुणीतरी शाळेला भेट दिलेला, पहिली पानं वाळवीने खाल्लेली. पण 'ए' शाबूत होता.

शब्द लॅटिनमधून आलेला. मूळ धातू 'ओरीरी'. अर्थ उगवणे, वर येणे, जन्मणे. सूर्य उगवतो त्यालाही हेच क्रियापद. 'ओरिजिन' त्यातलाच, आणि पूर्व दिशेला म्हणतात तो 'ओरिएंट'सुद्धा. त्याच्या मागे 'अब' लागला की उगवण्यातून हुकणे. उगवता उगवता नाहीसं होणे. कोणी केलं, कोणी नाही केलं, त्या मुळात कर्ताच नव्हता. सूर्य उगवतो, बी उगवतं. नाही उगवत.

मग मी 'मिसकॅरेज' काढला. लोक हल्ली आपोआप झालेल्याला हा शब्द वापरतात, सौम्य म्हणून. मला वाटलं होतं, डॉक्टरीणबाईंनी हा वापरला असता तर बरं झालं असतं. पण तो 'मिस' फळ्यावरच्या पहिल्या रकान्यातला निघाला. 'कॅरी' म्हणजे वाहून नेणे. वाहून नेताना चुकलं. पूर्वी एखादं पत्र पोचलं नाही, सामान वाटेत गहाळ झालं, तरी हाच शब्द वापरायचे म्हणे. म्हणजे यात बोट होतं, वाहणाऱ्याकडे. आणि आपल्या 'गर्भपाता'तला 'पात' तर नुसता पडण्याचा. पान पडतं तसा. त्यातही पाडणारा मुळात नव्हता, आपण नंतर आणून बसवला.

शब्दकोश परत कपाटात ठेवला. घंटा झाली. दहावीच्या वर्गात मी पत्रलेखन घेतलं.

असं वाटून गेलं होतं की हे सासूबाईंना सांगावं. का, ते नीट सांगता येणार नाही. त्यांनी माफ करावं म्हणून नक्कीच नाही. बहुतेक दुसरं कुणी विचारलंच नव्हतं म्हणून. संक्रांतीला गेलो तेव्हा त्या वरई निवडत होत्या. मी शेजारी बसून खडे काढता काढता सगळं सांगितलं. त्या इंग्रजी शब्दाचं मूळ असं असं आहे, उगवता उगवता राहिलं, एवढाच त्याचा अर्थ, त्यात पाडणं नव्हतंच. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"कोण सांगतो असा?"

"पुस्तकात आहे, आई. मोठ्या पुस्तकात."

"पुस्तकात तसा असंल," त्या म्हणाल्या. "गावात तसा नाय."

ते बरोबर होतं. गावात तो शब्द तोपर्यंत सगळीकडे पोचला होता. बाकावरच्या बायकांमधली एक आमच्या शेजारच्या पाड्यातली निघाली. पाणवठ्यावर मी गेले की बोलणं थांबायचं. कुणी वाईट बोललं नाही. चौकशी मात्र नको तेवढ्या प्रेमाने व्हायची, नोकरी कशी आहे, पगार वाढला का. मी सांगायचे, ठीक आहे.

माझी धाकटी नणंद त्याच सुमारास गरोदर होती. तिच्या सातव्या महिन्यात, होळी होऊन गेल्यावर, जामसरला तिची ओटी भरायची ठरली. ती मला म्हणाली, "वहिनी, तू ये हां नक्की. रजा काढ." मी गेले. जेवण रांधायला मदत केली, रांगोळी काढली, तिचा फोटो काढला. हिरवी साडी तिला छान दिसत होती, ते मी तिला म्हटलंही.

ओटी भरायला बायका एकेक करून पुढे जात होत्या. आधी वयाने मोठ्या. मग सासूबाईंनी माझ्याकडे बघून नारळाचं ताट पुढे केलं. तेवढ्यात चुलत सासूबाई म्हणाल्या, "हिला नको गं. पहिलटकरणीची ओटी हाय. हिने पाडलेला हाय ना."

हळू आवाजात म्हणाल्या, पण ओसरी लहान. नणंदेने मान खाली घातली. मी एक पाऊल मागे झाले. काही ठरवून नाही, पाय आपोआप मागे गेला. मला वाटलं, आता भांडी घासायला घ्यावीत, तेवढं काम होईल.

"पडलेला हाय," सासूबाई म्हणाल्या.

चुलत सासूबाईंनी वळून पाहिलं.

"पडलेला हाय," त्या पुन्हा म्हणाल्या, आणखी मोठ्याने. "पाडलेला नाय. माझापण पडला होता. मी भरली ना ओटी आता? मंग हीपण भरंल."

आणि त्यांनी नारळ माझ्या हातात ठेवला. मी पुढे गेले. कुंकू लावलं, तांदूळ, नारळ, खण, फुलं, सगळं ओटीत घातलं. हात व्यवस्थित चालत होते. नणंदेचे डोळे भरले होते. माझ्याही भरायला हवे होते, बायका त्याचीच वाट बघत होत्या. मी तिच्या केसांतली वेणी सरळ केली आणि बाजूला झाले.

दुपारी माणसं गेल्यावर आम्ही दोघी मागच्या पडवीत भांडी घासत होतो. सासूबाई राखेने कढई घासत होत्या. मी विसळत होते.

मी विचारलं, "आई, तुमचं कधी?"

"ह्याच्या आधी." म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आधी. "लावणीच्या दिसांत. वाफ्यात वाकले होते. तिथंच."

"मग?"

"मंग काय. बांधाजवळ पुरला. दुसऱ्या दिशी पुन्हा लावणीला गेले. पाऊस थांबतो का कुणासाठी?" त्यांनी कढई माझ्याकडे सरकवली. "तुझी आजेसासू म्हणाली, मुद्दाम जड भारा उचललास. तुला माहेरी जायचा होता म्हणून पाडलास. वरसभर म्हणत होती."

मी कढई विसळली. पाणी तीनदा बदलावं लागलं, राख निघत नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं ते कसं वाटतं," मी म्हटलं. "मग मला का विचारलंत?"

त्यांनी थोडा विचार केला. खरंच केला, मी बघत होते. चेहऱ्यावर पश्चात्ताप वगैरे काही नव्हतं.

"मला विचारला होता," त्या म्हणाल्या.

मग घरातून नणंदेने हाक मारली, तिला कंबरेला उशी हवी होती. सासूबाई उठून आत गेल्या. मी भांडी पालथी घातली.

त्यानंतर आमच्यात त्या विषयावर बोलणं झालं नाही. त्या पहिल्यासारख्या जव्हारला येतात, नागली आणतात, माझ्या स्वयंपाकात मीठ कमी आहे म्हणतात. चुलत सासूबाई बोलतात, पण जरा जपून. नवऱ्याला मी एकदा विचारलं, खळ्यावर तू गप्प का राहिलास. तो म्हणाला, "मला वाटलं, ती तुझ्याकडूनच ऐकेल." कदाचित ते खरं असेल. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही. आम्ही अजून ते ठरवलेलं नाही.

नणंदेला मुलगी झाली. बारशाला मी गेले होते. पाळण्यात घालण्याआधी तिला एकेकीच्या हातात देत होते. माझा नंबर आला तेव्हा सगळ्या जणी माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या, मला काही होतंय का म्हणून. मी तिला घेतलं. वाटलं होतं त्यापेक्षा ती जड होती, आणि गाढ झोपली होती. डोक्याखाली हात नीट धरावा लागतो, तो मी धरला, आणि मग तिला पुढच्या बाईकडे दिलं.